जमैका, डाव्या बाजूनं

गेल्या डिसेंबरात नाताळच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याचं, समीरचं आणि माझं, दोघांचंही ऑफिस बंद राहणार होतं. आई ऑक्टोबरपासून नागपूरहून आमच्याकडे टेक्सासमध्ये फ्रिस्कोला आली होती आणि एका संध्याकाळी कणीक मळता मळता तिनं विचारलं, "मनू, माझं तिकीट जरा अलीकडचं करता येईल का गं?"

तिकीट मार्चचं होतं. बाबा गेल्यानंतरची तिची ही पहिलीच अमेरिका. मी काय काय ठरवून ठेवलं होतं! पण खरं सांगायचं तर आमच्या भागात तिला करण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेली, दिवसाला शंभर पोरांशी बोलणारी बाई. इथं दुपारभर खिडकीशी बसायची आणि रस्त्यावरून माणूस जाताना दिसला की मला ऑफिसात फोन करून सांगायची.

मी रडायला लागले. समीर म्हणाला, "आधी सगळे मिळून कुठंतरी जाऊन येऊ यार, मग बघू तिकिटाचं."

माझ्या टीममधली एक बाई मूळची जमैकाची. ती म्हणाली, "नॉर्थला हॉटेलं आहेत. माणसं बघायची असतील तर साऊथला जा." तिनंच ट्रेझर बीच नावाच्या गावातल्या एका बाईचा नंबर दिला. डॅलसहून मॉन्टेगो बेला थेट विमान आहे, चार तासांच्या आत पोचतं. आमच्या भारतीय पासपोर्टांना जमैकाचा वेगळा व्हिसा लागला नाही, पण तुम्ही निघायच्या आधी नक्की तपासा. परत येताना अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर चालू असलेला हवा, ते तर आपल्या लोकांना झोपेतही माहीत असतं.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. गाडीच्या काउंटरवर पहिला धक्का बसला. नाताळच्या गर्दीत ऑटोमॅटिक गाड्या सगळ्या गेल्या होत्या, गिअरवाली एक छोटी पांढरी गाडी उरली होती. शिवाय जमैकात गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात. समीर पुण्यात गिअरवर शिकलेला, त्याला काही वाटलं नाही. मी गाडी शिकले ती टेक्सासमध्ये, त्यामुळे माझा प्रश्नच नव्हता. काउंटरवरच्या मुलीनं दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव विचारलं आणि आईकडे बघून म्हणाली, "मदर ड्राइव्ह करते?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "येस." आणि पर्समधून लायसन्स काढून दिलं.

"असू दे की," समीर हसत म्हणाला. आईचं नाव लिहिलं गेलं.

मॉन्टेगो बेहून ट्रेझर बीच तीन तासांवर. आधी डोंगर चढून पलीकडे उतरायचं, मग ब्लूफील्ड्सपासून समुद्राला चिकटून रस्ता. चिकटून म्हणजे लाट जोरात आली तर काच वर करावी लागते. खड्डे भरपूर, शेळ्या त्याहून जास्त, आणि हॉर्न! वळणाआधी हॉर्न, ओव्हरटेक करताना हॉर्न, ओळखीचा माणूस दिसला की हॉर्न. आई पुढच्या सीटवर बसली होती. तीन महिन्यांत मी तिला इतकं सरळ बसलेलं पाहिलं नव्हतं. "समीर, तुम्ही मध्ये कशाला चालवून राहिले? डाव्या बाजूला घ्या न," ती म्हणायची. मधे एका बेकरीतून गरम पॅटी घेतल्या. आत मसालेदार खिमा, वरून हळदीनं पिवळी झालेली खुसखुशीत पारी. दोनतीन पॅटींत एकाचं जेवण होतं.

आमच्या मालकीणबाईंचं नाव मिस पॉलेट. तिथं वयानं मोठ्या बाईला नावाआधी मिस लावून हाक मारतात. साठीच्या, उंच, आवाज मोठा. समुद्रापासून दोन घरं आत त्यांचं स्वतःचं घर, त्यातल्या तीन खोल्या त्या भाड्यानं देतात. रात्रीचे पन्नास डॉलर, नाश्ता धरून. आईचं नाव सुमन आहे कळल्यावर त्या तिला मिस सुमन म्हणू लागल्या. आई त्यांना पॉलेटबाई म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात हिरवी पालेभाजी आली. कांदा, टोमॅटो, वर लालभडक मिरची. आईनं एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. "मनू, ही माठाची भाजी आहे."

तिथं तिला कलालू म्हणतात. आई स्वयंपाकघरात जाऊन कच्ची पानं बघून आली. माठच. शेजारी भाजलेला नीरफणस होता आणि खारवलेल्या माशाबरोबर आकी नावाचं एक फळ, जे अंडाभुर्जीसारखं दिसतं आणि लागतंही तसंच. दुपारी पॉलेटबाईंनी लालचुटूक सरबत दिलं, आलं घातलेलं. नाताळात घरोघरी करतात म्हणाल्या, सॉरेल. आईनं बरणीतली सुकी फुलं हातात घेतली आणि हसतच सुटली. अंबाडीची फुलं! आमच्याकडे विदर्भात अंबाडीची भाजी होते, चटणी होते, सरबतही होतं. भूगोलाच्या बाईंनी मग पॉलेटबाईंना आफ्रिका, भारत आणि जमैका टेबलावर चमच्यांनी मांडून दाखवलं. त्या दोघींना एकमेकींचं इंग्लिश निम्मंच कळायचं. उरलेलं दोघीही मोठ्यानं बोलून भागवायच्या.

संध्याकाळी किनाऱ्यावर जर्क चिकन खाल्लं. अर्धा कापलेला ड्रम, त्यात लाकडाचे निखारे, वर पत्रा झाकलेला. नागपूरकरांनो, सावजी खाऊन ज्यांची जीभ तयार झाली आहे त्यांनी बिनधास्त तिखट मागा. पुणेकर नवऱ्यांसाठी बरोबर केचप मिळतं.

शनिवारी वायएस नावाच्या धबधब्याला गेलो. ट्रेझर बीचहून तासभर. ट्रॅक्टरच्या डब्यात बसवून कुरणांतून नेतात, मग झाडीत एकावर एक सात धबधबे. पाणी इतकं थंड की पहिल्यांदा श्वास अडकतो. समीरनं दोनदा दोरीला लोंबकळून उडी मारली. तिसऱ्यांदा वर चढताना शेवाळलेल्या दगडावरून त्याचा डावा पाय सटकला. आवाज आला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. गाडीपर्यंत आणलं तोवर घोटा सुजून टमाटा झाला होता. डावा पाय, म्हणजे क्लच दाबायचा पाय.

"मी ट्राय करते," मी म्हणाले. पार्किंगमध्ये गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा उडी मारून कुंपणापाशी थांबली. मागे समीर डोळे मिटून बसला होता.

आई दार उघडून माझ्या बाजूला उभी होती. "उतर," ती म्हणाली.

"आई, तुझी सवय आता..."

"उतर न, मनू."

तिनं सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, ओढणी कमरेला खोचली. गिअर पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. गाडी कुरणांमधल्या रस्त्यावरून निघाली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या ओठांची एक सरळ रेघ झाली होती. बाहेरचं काही बघत नव्हती, आमच्याशी बोलत नव्हती. खड्डा आला की आधीच वेग कमी करायची, आणि प्रत्येक खड्ड्यानंतर आरशात समीरकडे एकदा बघायची.

ब्लॅक रिव्हर गावातल्या दवाखान्याशी तिनं गाडी अशी उभी केली की समीरच्या बाजूचं दार बरोबर उताराच्या रॅम्पसमोर आलं. इंजिन बंद करायच्या आधी मला म्हणाली, "आत जाऊन व्हीलचेअर माग. चाकं लॉक होतात का बघून घे. मग आण."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांची शेवटची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. आमचं घर इंदोऱ्याला, दवाखाना धंतोलीत. बाबांना चालवणं जमेना, तेव्हा पन्नाशी उलटून गेल्यावर आई गाडी शिकली. हे मला फोनवरून कळलं होतं. बाबा गेल्यावर महिनाभरात तिनं गाडी विकली, तेही माहीत होतं. पण तिला गाडी चालवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मी इथं होते.

हाड मोडलं नव्हतं. पट्टी, गोळ्या आणि पाय वर ठेवायचा. डॉक्टर तरुण होता, समीरला क्रिकेटचं विचारत बसला. आई बाहेर बाकावर किल्ली मुठीत धरून बसली होती. मी शेजारी बसले तर म्हणाली, "वास सारखाच असतो बघ सगळीकडे." आणि थोड्या वेळानं, "चला, भूक लागली असेल समीरना."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी पॉलेटबाई टोपी, मोजे घालून फाटकात उभ्या. रविवारी शेअर टॅक्सी वेळेवर येत नाहीत आणि चर्च वर टेकडीवर. आई किल्ली घेऊन बाहेर आली. मला वाटलं होतं कालच्यानंतर ती गाडीला हात लावणार नाही. मीही मागे बसले.

"मिस सुमन, तुमचं चर्च कुठलं?" पॉलेटबाईंनी विचारलं.

"नो चर्च. वुई आर बुद्धिस्ट."

पॉलेटबाईंनी जरा विचार केला. "तुमच्यात गातात का?"

आई हसली. वळणाआधी जोरात हॉर्न वाजवला, आणि मग तिनं गाडी चालवता चालवता त्रिसरण म्हणून दाखवलं, रोज सकाळी म्हणते तसं. पॉलेटबाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि शेवटी "आमेन" म्हणाल्या. चर्चमध्ये त्यांनी आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. दोन तास गाणं, टाळ्या, खंजिरी. आई शेवटी शेवटी टाळ्या वाजवत होती. बाहेर आल्यावर चारपाच बायकांनी तिला मिठी मारली आणि त्यातल्या दोघींना घरी सोडायचं काम आपोआप आमच्याकडे आलं.

उरलेले दिवस आमची ड्रायव्हर आईच. समीर व्हरांड्यात पाय वर करून पुस्तक वाचायचा, पॉलेटबाई त्याला खाऊ घालायच्या, आणि आम्ही दोघी भटकायचो. मिडल क्वार्टर्स नावाच्या गावात रस्त्याच्या कडेला बायका लालबुंद तिखट कोळंबी पिशव्यांत विकतात. सालासकट खायची, बोटं दिवसभर झोंबतात. पुढे बांबूंचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंचे बांबू वर एकमेकांत मिसळलेले, मैलोन्‌मैल हिरवा मांडव. आईनं तिथं गाडी अगदी हळू केली. मागच्यानं हॉर्न दिला, तिनं हात बाहेर काढून त्याला पुढे जायला सांगितलं.

"धंतोलीहून परत येताना तुझे बाबा म्हणायचे, फुटाळ्यावरून घे, तलाव बघू," ती म्हणाली. "मला ट्रॅफिकची भीती वाटायची. आणि ते इतके थकलेले असायचे. मी म्हणायची, परवा घेऊ."

मी तिच्या मांडीवर हात ठेवला. कोळंबीचा मसाला तिच्या सलवारला लागला.

"हात पूस," ती म्हणाली. मग दोघीही हसलो, आणि मग तिनं गाडी कडेला घेऊन थोडा वेळ रडून घेतलं. रस्त्यावरची एक बाई नारळपाणी घेऊन आली. पैसे घेईना.

परतीच्या दिवशी मॉन्टेगो बेपर्यंत आईच होती चाकावर. पॉलेटबाईंनी अंबाडीची सुकी फुलं बांधून दिली. डॅलसच्या विमानतळावर ती जाहीर करून दाखवावी लागली, पण जाऊ दिलं.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: साऊथ कोस्टला जा. गिअर येत असेल तर गाडी घ्या, नाहीतर ऑटोमॅटिक आधीच बुक करा. दिवसाउजेडी चालवा. धबधब्यावर पकड असलेले बूट घाला, माझ्या नवऱ्यासारखा चपलांवर शहाणपणा करू नका. आणि चारपाच दिवस पुरत नाहीत.

आईचं तिकीट आम्ही अलीकडचं करून दिलं. तिनं पुन्हा मागितलं आणि या वेळी मी रडले नाही. पुढच्या शनिवारी ती निघते आहे.

काल ती स्वयंपाकघरात कॉलिंग कार्डावरून नागपूरला मावशीशी बोलत होती. मावशीनं समुद्राचं विचारलं असावं. "हो, छान होता समुद्र," आई म्हणाली. "पण अगं, मी गाडी चालवली. रोज. नाही गं, काम कसलं? पहिला दिवस सोडला तर कुठं वेळेवर पोचायचं नव्हतं, कुणाला काही झालेलं नव्हतं. नुसतीच चालवली." पलीकडून मावशी काहीतरी बोलली. आई ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, "हो न. मला माहीतच नव्हतं मला आवडते म्हणून."