थोरलीचा डोळा, धाकटीचा हात

काळा आणि निळा यातला फरक थोरलीला कळेनासा झाला होता. हे तिच्या स्वतःच्या लक्षात यायच्या आधी तिच्या जावेनं चारचौघांत सांगितलं, आणि सगळं वैर तिथून सुरू झालं.

थोरली रफू करायची. लाँड्रीच्या दुकानात, रस्त्याकडच्या खिडकीपाशी, सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसून. कोटाला कसर लागो, सिगारेटनं भोक पडो, खिळ्याला अडकून फाटो, ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि उभेआडवे असे विणायची की गिऱ्हाईक आपलंच भोक शोधत बसायचं. जीभ मात्र तिखट. "नवं घ्यायचं जिवावर येतं आणि जुनं जपायची अक्कल नाही," असं तोंडावर म्हणायची. गिऱ्हाईक हसून घ्यायचं, कारण असा हात गावात दुसरा नव्हता. तो हात तिनं एकीलाच शिकवला, धाकट्या जावेला. थोरलीचा नवरा गेल्यापासून दीर आणि धाकटी हेच तिचं घर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि सकाळी दोघी मिळून दुकानात.

त्या दिवशी एक वकील काळा कोट न्यायला आला. कोटाच्या शिवणीत धागा उरला नव्हता म्हणून थोरलीनं डब्यातला घेतला होता. धाकटीनं कोट उजेडात धरला आणि म्हणाली, "जाऊबाई, हा धागा निळा आहे." मालक काउंटरवर, वकील समोर, इस्त्रीवाला मागे कान टवकारून. अगं बाई, घरी सांगता आलं नसतं? एकाच स्वयंपाकघरात वावरतेस ना? पण नाही. आठवडाभरात मालकानं खिडकीची खुर्ची धाकटीला दिली आणि थोरलीला मागे बटणं लावायला बसवलं. ट्यूबलाइटखाली.

थोरलीनं डूख धरला तो असा धरला की झोपेतसुद्धा सोडला नाही. डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो काढायचा, परत दिसायला लागलं की दुकानात जायचं, धाकटीनं मधल्या काळात केलेला प्रत्येक कोट मागवायचा आणि मालकाच्या देखत एकेक कच्चा टाका सुईनं उचलून दाखवायचा. "हा बघा. हा पण बघा." बटणं लावता लावता ती हे मनातल्या मनात इतक्यांदा बोलली होती की वाक्यं पाठ झाली होती.

मध्ये साखर आडवी आली. अकरा वर्षांचा डायबेटिस, आणि इतकी वर्षं तिनं कुणाला दाद दिली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, साखर ताब्यात आल्याशिवाय मी हात लावणार नाही. आता गंमत बघा, जी बाई नवऱ्याच्या विनवण्यांनी सुधारली नाही ती सुडापायी तीन महिन्यांत सरळ झाली. गोड चहा सुटला. सकाळ-संध्याकाळ चालणं सुरू झालं. धाकटीला वाटलं, जाऊबाईंना तब्येतीचं महत्त्व पटलं.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दीर आणि धाकटी दोघांना समोर बसवलं. "भिंग छान बसलंय. पण बुबुळावरची ही पातळ काच असते ना, कॉर्निया, तिला लागलं तर यांचं उशिरा भरतं. इतरांचं खरचटलेलं दोन-तीन दिवसांत भरून येतं, शुगरवाल्यांना कधी दोन-तीन आठवडे लागतात. शिवाय तिथल्या नसा मंद झाल्या आहेत, लागलं तरी यांना कळायचं नाही. थेंब दर दोन तासांनी. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही." दिरानं बायकोकडे पाहून मान हलवली. म्हणजे थेंब धाकटीनं घालायचे, हे ठरलं.

पहिल्याच दुपारी धाकटी बाटली घेऊन आली. "ठेव तिथं," थोरली म्हणाली. "मी कुक्कुलं बाळ नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय..."

"ठेव म्हटलं ना. तुझा हात माझ्या डोळ्याला लागायला नको."

धाकटीनं बाटली ठेवली. नवऱ्याला काही बोलली नाही, घरात आधीच कमी धुसफूस नव्हती. थोरली आरशासमोर उभी राहून स्वतःच थेंब घालू लागली. त्रास काही नव्हता. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. आपला हात सव्वीस वर्षांचा आहे, याचा तिला मोठा अभिमान वाटला.

आठवड्यानं तिघंही दाखवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळं औषध टाकलं, निळ्या उजेडात पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बुबुळावर ओरखड्याची हिरवीगार रेघ उमटली होती. "हे बाटलीच्या टोकानं झालंय. थेंब कोण घालतं?"

थोरलीला एकदम सुचलं. इतक्या दिवसांचं उट्टं असं हातात येऊन पडलं, ते सोडवेना.

"ही घालते," ती म्हणाली आणि जावेकडे बोट दाखवलं.

दीर तिथंच बायकोवर बरसला. एवढंसं काम जमत नाही, दुसऱ्याच्या डोळ्याशी खेळतेस, लाज वाटत नाही? बाहेर बाकावर बसलेले लोक दारातून वाकून बघू लागले. धाकटी लालबुंद झाली, पण तोंड उघडलं नाही. मी घालतच नाही म्हणावं, तर मग इतके दिवस काय करत होतीस, हा प्रश्न आलाच. दोन्हीकडून तीच मरणार होती. थोरलीला इतकं बरं वाटलं की घरी येऊन ती पोटभर जेवली.

डॉक्टरीणबाईंनी जखमेवर पट्टीसारखी एक मऊ लेन्स बसवून दिली होती. दिरानं बायकोला बजावलं, वहिनींच्या डोळ्याला हात लावायचा नाही. म्हणजे थेंब आता थोरलीनं उघडपणे घालायचे. आरसा तोच, बाटली तीच, हातही तोच.

पाच दिवसांनी परत गेल्यावर लेन्स जागेवर नव्हती. हिरवी रेघ पसरून डाग झाली होती. डॉक्टरीणबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "जखम काठाकडून भरत येते, आणि तिथंच रोज नवं खरचटतंय. असंच चाललं तर पांढरा डाग राहील. मग मोतीबिंदू काढून उपयोग काय? कायमचं धुरकट दिसेल." आणि घरी धाकटीला मनाई झाल्याचं ठाऊक नसल्यानं तिच्याकडेच वळून, "तुम्हाला मी काय सांगितलं होतं?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं.

"मी घालते," थोरली म्हणाली.

"काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थेंब. पहिल्या दिवसापासून मीच घालते. हिनं बाटलीला हात लावलेला नाही. मी खोटं बोलले."

कुणाला वाटेल, पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप कसला डोंबलाचा! डोळा गेला तर हिचे टाके उचलून दाखवणार कोण, ही भीती होती. सूड पुरा करायचा तर आधी नाक कापून घ्यायला हवं होतं, तेवढं तिनं घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी साध्या पाण्याची नवी बाटली दिली. "दुसऱ्या डोळ्यात घालून दाखवा." थोरलीनं मान वर केली, बाटली आणली आणि टोक अलगद बुबुळावर टेकवलं. मगच दाबलं.

"टेकलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कळलं तुम्हाला?"

"नाही."

"सुई अशीच टेकवतात त्या," धाकटी हळूच म्हणाली. "आधी टोक कापडाला टेकवून अंदाज घ्यायचा, मग घालायची. मलाही तसंच शिकवलंय."

दीर खाली मान घालून बसला होता.

दुपारी धाकटीनं साबणानं हात धुतले, थोरलीला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि मागे उभी राहिली. डावा हात कपाळावर टेकवला, बोटानं खालची पापणी ओढली. बाटली वर, चांगली दोन बोटं वर धरली.

"आता घे सूड," थोरली म्हणाली. "बरी सापडले आहे."

"घेणारच आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज थोरलीनं असा कधी ऐकला नव्हता. "भर दवाखान्यात माझी फजिती केलीत ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण आधी डोळा बरा होऊ दे. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून ती खुर्ची मला मिळाली, असं लोक म्हणतात. मला ती तुम्हाला चांगलं दिसत असताना घ्यायची आहे."

थेंब बरोबर पापणीच्या आत पडला. थोरलीला काहीच लागलं नाही, आणि या वेळी खरंच काही लागलं नव्हतं. तिनं डोळा मिटला. कितीतरी महिन्यांत तिला इतकी हुशारी वाटली नव्हती.

"दोन तासांनी ये," ती म्हणाली. "वेळ चुकवू नकोस."