दामल्यांना न पोचलेलं आमंत्रण

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. भोपाळच्या कारखान्यात टर्बाइनचे शाफ्ट एका रेषेत आणण्यात माझी नोकरी गेली. केसाएवढा फरक राहिला तरी मशीन थरथरतं, आणि त्या थरथरण्याला कारण असतंच. कारण सापडत नाही म्हणणारा माणूस आळशी, असं मी म्हणायचो. आज वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मीच तशी एक गोष्ट इथे लिहितो आहे. भीती वाटली म्हणून नव्हे... संताप आला म्हणून. आधी स्वतःचा, मग आमच्या मंडळाचा.

आनंद नगरात आम्हा निवृत्त मराठी लोकांचं एक मंडळ आहे, मी त्याचा सेक्रेटरी. आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हापासून मंडळाची सूचना-वही घरोघर फिरायची. सूचना वाचायची, क्वार्टर नंबर घालून सही करायची. आमचा दामले नुसती सही कधी करत नसे. '२१४. वाचलं, येतो.' असं लिहायचा.

ती वही मी बंद केली. मंडळाच्या नावाचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेतला, एका सेवा-कंपनीमार्फत सगळ्यांना एकदम मेल जाऊ लागले. मग कुणीतरी मंडळाच्या नावाने खोटे मेल पाठवले. मी चिडलो, आणि एक व्हिडिओ बघून डोमेनवर कडक नियम लावला: आमच्या नावाचा जो मेल तपासणीत खरा ठरणार नाही, तो सरळ नाकारा. सभेत टाळ्या पडल्या.

चार वर्षांपूर्वी नागपूरहून आमचा कारखान्यातला जुना सोबती वसंता जोगळेकर आला. फार आजारी होता. एका बढतीवरून त्याचं आणि दामल्याचं चोवीस वर्षं बोलणं नव्हतं. "साठे, एकदा भेट घडव," तो म्हणाला, "फोनवर त्याला काही ऐकू येत नाही, आणि जिना चढून त्याच्या घरी जायची माझ्यात ताकद नाही." मी मंडळात चहा ठेवला, आमंत्रणाचा मेल पाठवला. पडद्यावर हिरव्या अक्षरात 'सेंट' आलं.

सगळे आले. दामले आला नाही. वसंता दाराकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत बसला. शेवटी विचारलं, "त्याला कळवलं होतंस ना?"

"मेल पोचलाय. त्याला यायचं नाही, दुसरं काय!" मी म्हणालो.

दामल्याचं घर दहा मिनिटांवर होतं. दहा मिनिटं! मी उठून गेलो नाही.

पुढच्या महिन्यात वसंता गेला. सभेत दामले उभा राहून थरथरत म्हणाला, "मला मेल आलाच नाही हो." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दामले, या वयात तरी खोटं बोलू नका." आणि कार्यवृत्तात माझ्या हाताने लिहिलं: श्री. दामले यांना सूचना मिळाली होती. तो पुन्हा मंडळात आला नाही.

या वर्षी दामले गेला. शोकसभेची सूचना पाठवताना नात रेवा शेजारी बसली होती. एम. पी. नगरात एका ऑफिसात ती हेच मेलचं काम करते.

"आजोबा, ये मेल किसी को जाता भी है क्या?"

"जातो की. सेंट दिसतंय."

"सेंट म्हणजे निघाला. पोचला नाही!" तिने मला समजेल असं सांगितलं. पत्रावर नाव मंडळाचं, पण परतीचा पत्ता आणि सही सेवा-कंपनीची. सही खरी आहे, पण नाव आणि सही एका रेषेत नाहीत. वर मीच सांगून ठेवलेलं की असं पत्र नाकारा. "अलाइनमेंटच नाहीये, आजोबा."

शाफ्टवाल्याला ती हे सांगत होती.

मेल गेली पाच वर्षं कुणालाच पोचत नव्हते. बाकीच्यांना व्हॉट्सॲप ग्रुपवर कळायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ग्रुपवर नव्हता तो एकटा दामले. आणि रोज येणारे तपासणीचे अहवाल मी न उघडता एका फोल्डरमध्ये टाकत होतो. वसंताच्या चहाच्या आमंत्रणाचा अहवालही तिथेच होता. सगळे मेल नाकारलेले.

त्या दुपारी मी मंडळाच्या त्याच पत्त्यावरून दामल्याच्या मेलवर माफी लिहिली. रेवाने जुळणी अजून केलेली नव्हती. नाकारला जाणार हे माहीत होतं. तरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचा, विद्याचा फोन. "काका, बाबांच्या इनबॉक्समध्ये तुमचं पत्र आलंय." "हे चार वर्षांपूर्वी का नाही लिहिलंत?"



रेवाने तिच्याकडून त्या मेलची मूळ प्रत मागवली. ती दोनदा वाचली. मेल तपासणीत पूर्ण पास. सही मंडळाच्याच डोमेनची. "पण अशी सही करायला डिजिटल चावी लागते, ती मी अजून बनवलीच नाहीये! और ये देखो, सेवा-कंपनीच्या नोंदीत हाच मेल परत आलेला आहे." मग म्हणाली, "प्रत्येक चावीला एक नाव द्यावं लागतं. इथे २१४ आहे. ये क्या है?"

दामल्याने ते क्वार्टर सोडलं तेव्हा रेवा जन्मलीही नव्हती. सूचना-वही कधीच रद्दीत गेली. तिने डोमेनच्या नोंदी तीनदा तपासल्या, ऑफिसातल्या वरिष्ठांना दाखवल्या. त्या नावाची चावी तिथे नाही. कधी नव्हती.

मी कमिटीला म्हणालो, कार्यवृत्तातली ती ओळ खोडायची आहे. अध्यक्ष हसले. "साठेकाका, जाऊ द्या हो! जुनी गोष्ट. उगाच मंडळाची शोभा." मेलेल्या माणसाला खोटारडा ठेवला की मंडळाची शोभा राहते! मी तिथेच कार्यवृत्ताची वही ओढून घेतली, ओळ खोडली आणि समासात लिहिलं: श्री. दामले खरं बोलत होते. खोटं मी बोललो. खाली सही केली.

चावीचं कारण मला सापडलेलं नाही. आळशी म्हणा हवं तर. वसंताला मात्र मी जे सांगितलं, ते आता खोडता येत नाही.