पुढं

ज्यांनी ज्यांनी ग्रुप सोडताना साधं "येतो" म्हटलं नाही, त्यांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. घरातून माणूस उठून गेला तर निदान चपलांचा आवाज होतो. इथे एक करडी ओळ येते. लेफ्ट. संपलं.

ते गेले आणि किस्से माझ्याकडे साठले. फोन भरला की मी लग्नांचे फोटो उडवते. हे उडवता येत नाहीत.

आम्ही सहा जण, जिंतूरच्या एकाच शाळेतले. आमच्या मराठीच्या सरांची नजर गेल्याचं कळलं तेव्हा मी ग्रुप काढला. एका जाडजूड कादंबरीच्या पानांचे फोटो मी टाकायचे, रोज सकाळी एकानं एक पान वाचून व्हॉइस नोट पाठवायची. सरांच्या घरी कामाला असलेल्या कमलबाई फोनचं बटण दाबून द्यायच्या. ऐकून झालं की सर एकच शब्द बोलायचे, "पुढं." मग दुसऱ्याची पाळी.

परभणीला मी शिकवायचे त्या वर्गात साठ जण होते. मला "पुढं" म्हणणारं त्यात कुणी नव्हतं.

*

विठ्ठल पूर्णेजवळ रेल्वे गेटवर. ड्यूटी संपली की तिथल्याच खोलीत बसून वाचायचा. पहिल्याच पानात नायिका फोडणी घालत असताना मालगाडी गेली. अख्खी.

सर म्हणाले, "विठ्ठल, ही बाई पुण्यात राहते. तिच्या स्वयंपाकघरातून मालगाडी कशी गेली?"

पुढच्या पाळीला विठ्ठलनं तोडगा काढला. वाचता वाचता गाडीचा आवाज आला की तो त्याच सुरात म्हणायचा, "इतक्यात तिच्या स्वयंपाकघरातून गाडी गेली."

सर म्हणाले, "पुढं."

*

सीमाचं परभणीत पार्लर आहे. ती हातातलं काम न सोडता वाचायची.

"तिनं खिडकी उघडली. समोर तो उभा होता. त्याला पाहून ती म्हणाली, ताई, आयब्रोच करायच्या का फेशियल बी?"

सरांनी विचारलं, "मग त्यानं काय करून घेतलं?"

*

विठ्ठलची सोयरीक मोडली. त्यानं ते ग्रुपवर लिहिलं. तासाभरानं सरांचा आवाज आला. "पुढं."

मी चिडले. ही काय बोलायची रीत झाली? विठ्ठलला फोन केला तर तो म्हणाला, "न्हाई गं. घरचे सगळे मागचंच इचारायलेत. काय झालं, कुणामुळं झालं. पुढचं एकट्या सरांनीच इचारलं."

त्या दिवशी वाटलं होतं, हे टिकेल.

*

मग पुण्यात नोकरी करणाऱ्या एकानं मशिनमधल्या बाईच्या आवाजात पान वाचून टाकलं. स्वच्छ, एकही चूक नाही. "सर, आता कुणाला टाइम काढायची गरजच नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "ही बाई खोकत कशी नाही?"

तो लेफ्ट.

मी वाचन, माणुसकी आणि आपली पिढी यावर भलामोठा मेसेज लिहिला. कळकळीनं लिहिला. त्या दिवशी आणखी तिघे लेफ्ट झाले. त्यात सीमाही.

विठ्ठल लेफ्ट झाला नाही. त्याची बदली झाली, लग्न झालं, तो नुसता गप्प झाला. ते जास्त वाईट. त्याच्या पाळीची पानंही मीच वाचू लागले. शांत खोलीत, दार लावून, एकटी.

*

मग सरांचं उत्तर बोलून यायचं थांबलं. टाइप होऊन यायला लागलं: "पूढ".

ज्या माणसानं ऱ्हस्व-दीर्घासाठी माझा पहिला नंबर घालवला, तो "पूढ" लिहील? तीन महिने मी मनाची समजूत घातली. शेवटी जिंतूरची एसटी धरली.

सर ओसरीत खुर्चीवर होते. मी पायाला हात लावला, नाव सांगितलं. मान वळली नाही.

कमलबाई भांडी घासत होत्या. "तीन महिने झाले, वारं गेलं अंगावरून. तवापासून वाचा बंद. समजतंय का न्हाई, डाक्टर बी सांगंना."

"मग ते पुढं कोण लिहितं?"

"मीच की. तेवढंच येतंय मला. चुकलं का?"

मी फोन काढला. सरांना धरून सात जणांचा ग्रुप. एक बोलत नाही, एक बोलू शकत नाही, बाकीचे गेलेले. म्हटलं, "कमलबाई, सर ऐकतच नसतील तर मी आता हे बंद करते."

त्यांनी हात पदराला पुसले.

"तुमची मर्जी, ताई. पण त्या बाईच्या सैपाकघरातून गाडी जायची ना, ती काहून बंद झाली?"