स्टॉपर नुसता उभा असतो

पेणच्या कॉलेजात असताना फुटबॉलमधली सगळ्यात अवघड जागा कोणती, यावर आम्ही तासन्‌तास भांडायचो. मी सेंटर फॉरवर्ड आणि वर कॅप्टन, तेव्हा माझ्या मते उत्तर ठरलेलंच होतं: गोल करणाऱ्याची. गोलकीपर आपली सोललेली कोपरं पुढे करायचा, विंगवाले दमछाकीचं रडगाणं गायचे. आमचा स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात उभा राहणारा बॅक, या वादात कधी पडला नाही. गडबच्या भातशेतीवाल्या घरातला मुलगा. मॅच संपली तरी त्याची चड्डी पांढरीच्या पांढरी. "इस्त्री मोडली नाय ना रे?" म्हणून आम्ही त्याला छळायचो.

रोह्याच्या कॉलेजशी मॅच ठरली. एक नवा मुलगा संघात घ्यायचा होता, तर कोणाला बसवू, असं खेळाच्या सरांनी मला विचारलं. मी बेधडक स्टॉपरचं नाव घेतलं. तो करतो काय, नुसता उभा तर असतो, असंही वर म्हणालो. सर चिडले नाहीत. म्हणाले, "ठीक आहे. मग उद्या त्याच्या जागी तू उभा राहा. नवा पोरगा फॉरवर्डला खेळेल."

रोह्यात पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा घसरून पडलो. फॉरवर्डला पायात बॉल आला की जागं व्हायचं. इथे बॉल लांब असतानाच सगळं ठरत होतं आणि मला ते दिसत नव्हतं. ज्याच्यामागे धावावं तो बॉल दुसऱ्याला देऊन मोकळा. फॉरवर्डने पाच संधी घालवल्या तरी सहावी मिळते. माझ्या दोन चुका झाल्या आणि दोन गोल बसले. लाइनीबाहेरून स्टॉपर सारखा सांगत होता, "मागं सरक. डावीकडं बघ, मोकळा हाय तो." त्याचं ऐकलं तेवढ्या वेळा वाचलो.

हाफटाइमला मीच सरांना म्हणालो, त्याला घ्या, मला बसवा. बाहेर बसून मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. तो धावतच नव्हता. दोन पावलं सरकायचा, आणि पास जिथे येणार तिथे आधीच हजर. शेतातलं पाणी कुठून फुटणार हे ओळखून बांधावर जाऊन थांबलेल्या माणसासारखा. त्यानंतर आमच्यावर एकही गोल झाला नाही. मी थक्क झालो. दोन वर्षं हा माझ्या पाठीमागे खेळत होता आणि मी कधी वळून बघितलं नव्हतं. मॅच मात्र हरलो, माझ्यामुळे झालेल्या त्या दोन गोलांनी.

परतीच्या एसटीत मी त्याच्या शेजारी बसलो. नागोठणे गेल्यावर म्हणालो, "तुला बसवायला मीच सांगितलं होतं."

"माहीत हाय. सरांनी सकाळीच सांगितलं."

"मग बाहेरून मला सांगत कशाला होतास? गप्प बसायचं होतंस."

"गप कसा बसू? गोल आपल्यावरच होत होते," तो म्हणाला, आणि गडब आलं तशी पिशवी घेऊन उतरला.