मी न गेलेल्या सहलीचा आराखडा

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहायला बसावं इतकं माझं वाचन नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, त्यामुळे आठवणी लिहिताना काय सांगायचं आणि काय सोडायचं, हे विचारायला घरात माणूस नाही. त्यात मी लिहितोय कॅसिनोच्या सहलीबद्दल, आणि कॅसिनो मी आतून पाहिलेला नाही. बाहेरूनही नाही. त्या सहलीचा आराखडा तेवढा माझा होता. तरी लिहितो, कारण त्या महिन्यात माझ्या मनात जे चाललं होतं ते मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही.

खोलीतला पार्टनर आणि मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून शहरातल्या बेगमपुऱ्यात खोली घेऊन एकत्र राहत होतो. तो पैठणकडचा, मी वैजापूरचा. कणीक तो मळायचा, पोळ्या मी लाटायचो. त्या गोल होत नसत म्हणून तो म्हणायचा, "आज कोणत्या जिल्ह्याचा नकाशा?" मला सख्खा भाऊ नाही. चार वर्षांत ती जागा त्याची झाली होती. त्याच्या मनात माझी जागा तेवढीच असेल, असं मी धरून चाललो होतो.

एम.एस्सी.ला आमच्या वर्गात गुलमंडीचा, म्हणजे शहरातल्या बाजारपेठेतला, एक मुलगा आला. घरचं कापडाचं दुकान, घरची गाडी. कुणाशीही दोन मिनिटांत जमवून घेणारा. तो खोलीवर आला की पार्टनरचं हसणं बदलायचं. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून हसायचा. माझ्या बोलण्यावर तो असा कधी हसला नव्हता.

एक दिवस पार्टनरच्या अंगावर नवा निळा शर्ट दिसला.

"कुठून घेतला?"

"त्यानं दिला. दुकानातला."

"केवढ्याला?"

"दिला म्हणलं ना, लेका."

शर्ट दोरीवर वाळत असताना मी हळूच शिवण उलटून पाहिली. शिवण चांगली होती. मला त्याचाही राग आला.

एप्रिलमध्ये घरमालकीण मावशी खोलीवर आल्या. "पुढच्या वर्षाला दोघं ऱ्हाणार का? नाय तर आत्ताच सांगा, लई पोरं विचारायलेत."

मी लगेच व्हय म्हणालो. पार्टनर म्हणाला, "मावशी, परीक्षा होऊ द्या. गोव्याहून आलो की सांगतो."

गोव्याचं मला तेव्हाच कळलं. मावशी गेल्यावर तो म्हणाला, "तू पण हायस बरं का त्याच्यात." पण ते त्याला आत्ताच सुचल्यासारखं वाटलं. तो खोली सोडणार की काय, ही धास्ती मला त्या दिवसापासून लागली.

गुलमंडीवाल्याला एक संध्याकाळ नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजावर घालवायची होती. मला ते पटत नव्हतं. आमच्या गावी पोळ्याला पत्त्यांवर पैसे लावून तिरट खेळतात. हरलेल्या माणसाला बाजूचे उठू देत नाहीत, अजून एक डाव म्हणून खांदा धरून बसवतात. ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. पण नको म्हणालो असतो तर ते दोघंच गेले असते. म्हणून म्हणालो, "प्लॅन मी करतो." प्लॅन करणारा माणूस मधे बसतो, त्याला वगळता येत नाही, एवढाच माझा विचार होता.

संख्याशास्त्राच्या वहीत मी चार पानं लिहिली. लिहिताना मात्र मनापासून लिहिली. प्रत्येक खेळात थोडा कल कॅसिनो चालवणाऱ्याच्या बाजूनं असतो, म्हणून जिंकायला जायचंच नाही. आधी ठरवलेली रक्कमच न्यायची, आणि जत्रेत पाळण्यात बसायला पैसे देतो तसे ते पैसे गेले असं धरायचं. घरून आलेल्या आणि फीच्या पैशाला हात लावायचा नाही. संध्याकाळी सहाला जहाजावर जायचं, पहिला अर्धा तास नुसतं पाहायचं, साडेआठला उठायचं, मग जिंकत असो की हरत असो. खेळताना दारू नाही. एकमेकांकडून उसने नाहीत. चप्पल आणि हाफ पँट आत चालत नाही, बूट घ्यायचे. आणि शेवटी, आमच्या गावच्या अनुभवावरून: एकानं जहाजावर चढायचंच नाही. बाकी दोघांची बँकेची कार्डं आणि फोन घेऊन त्यानं किनाऱ्यावर बसायचं. म्हणजे आत कुणी खांदा धरला तरी द्यायला काही उरणार नाही. बाहेर बसायला गुलमंडीवाला, हे मी लिहिलं नव्हतं, पण मनात तेच होतं.

गुलमंडीवाल्यानं वही वाचली. "क्या मियाँ, जुवा खेलने जा रहे की परीक्षा देने?"

पार्टनर म्हणाला, "हसू नको. ह्याच्यामुळंच मी पहिल्या वर्षी पास झालोय."

"नहीं यार, अच्छा लिख्या है. हम तो कपडे लेके निकल जाते, और रोते हुए आते." त्यानं सगळ्या पानांचे फोटो काढले. "मास्तर, तुमचंच ऐकायचं आता."

त्या दिवशी मी फार खूश होतो. पोळ्याही बऱ्या झाल्या.

आठवड्यानं पार्टनर फोनवर प्रवेशाचं बुकिंग करायला बसला. एकवीस वर्षं पूर्ण पाहिजेत आणि दारात ओळखपत्र बघतात, हे मीच वहीत पहिल्या पानावर लिहिलं होतं. त्यानं माझं आधार मागितलं, वाचलं आणि माझ्याकडे पाहत राहिला. आधारवर माझी जन्मतारीख एक जून आहे. आमच्या गावातल्या अर्ध्या पोरांची एक जूनच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच घालायचे. खरं तर मी त्या तारखेच्या दीड वर्ष आधीचा, दिवाळीतला. एकवीस मला केव्हाच झाली होती, म्हणून माझ्या बाबतीत तो नियम मी लावून पाहिलाच नव्हता. कागदावर मात्र सहलीच्या दिवशी मला एकविसाला दोन आठवडे कमी पडत होते.

वडिलांना फोन केला. ते वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाली करतात, मागं कांद्याच्या गोण्या टाकल्याचा आवाज येत होता.

"दीड वर्ष कमी कशाला लावलं हो दादा?"

"गुरुजी म्हणले, पोरगं शिकंल, नोकरीच्या परीक्षेला वय उरंल. का, काय अडलं?"

"काय नाय. एका ठिकाणी एकवीस लागतंय."

"कशाला?"

मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "तिरट खेळायला गोव्याला कोण जातं रे? हितं यार्डाच्या मागं बसतेत की." आणि हसले. मला हसू आलं नाही.

जूनमध्ये जाऊ, असं पार्टनरनं म्हणून पाहिलं. गुलमंडीवाल्यानं मान हलवली. जूनमध्ये दुकानात शाळेच्या गणवेशाची गर्दी असते, घरचे सोडत नाहीत. मग तोच म्हणाला, "मास्तर, तुम चलो ना. तुम्हीच लिहिलंय, एकानं बाहेर थांबायचं. कार्ड तुमच्याकडे. तुमच्यापेक्षा भरवशाचा कोण हाय?"

तो चेष्टा करत नव्हता. आज मला ते स्वच्छ कळतं. त्या वेळी मला दिसलं ते एवढंच: आत ते दोघं शेजारी बसलेले, आणि बाहेर त्यांचं सामान राखत मी.

"मी काय राखणदार हाय का?" मी म्हणालो.

"अरे, तूच लिहिलंयस," पार्टनर म्हणाला.

"लिहिलं. माझ्यासाठी नव्हतं लिहिलं."

पार्टनरनं पुढं चार-पाच दिवस येतोस का म्हणून विचारलं, शेवटी विचारायचं सोडलं. क्रांती चौकातून ते गाडीनं निघाले तेव्हा मी सोडायलाही गेलो नाही. लायब्ररीत आहे असं कळवलं. खोलीतच होतो.

ठरलेल्या संध्याकाळी सहाला मी वही उघडून बसलो. आता ते जहाजाकडे जाणाऱ्या होडीत असतील. आता नुसते पाहत असतील. आता खेळायला बसले. मी मनातल्या मनात काय म्हणत होतो ते लिहायला लाज वाटते. पार्टनरनं माझे नियम मोडावेत, असं मी म्हणत होतो. त्याचे खिसे रिकामे व्हावेत, गुलमंडीवाल्यानं त्याचा खांदा धरून बसवावं, आणि मग त्यानं खोलीवर येऊन म्हणावं, तू असतास तर असं झालं नसतं. मित्राचं नुकसान मी वेळापत्रकासकट मागत होतो. साडेआठ वाजले, नऊ वाजले. फोन आला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पार्टनर आला. चेहरा उन्हानं रापलेला, गळ्यात शिंपल्यांची माळ. माझ्यासाठी काजूचं पाकीट.

"कसं झालं?" मी विचारलं.

"एक नंबर. तुझ्या कागदावरच चाललो. ठरवलेल्या पैशातलं थोडं परत पण आलं. जेवण तर असं होतं की विचारू नको. साडेआठच्या ठोक्याला उठलो. शेजारचा माणूस म्हणला, अभी तो मजा आ रहा है. मी म्हणलं, हमारा मास्तर डाटेगा."

"आणि फोन, कार्डं? कुणाजवळ?"

"त्याच्याजवळ. तो आलाच नाय आत. म्हणला, मास्तरनं लिहिलंय, एकानं बाहेर बसायचं. मी तर कधी पण येईन, तू जा. अडीच तास नदीच्या कट्ट्यावर बसला, भुट्टा खात. मच्छरांनी फोडून काढला त्याला."

काजूचं पाकीट माझ्या हातात होतं. ते कुठं ठेवावं हे मला सुचेना. मी विचारलं, "त्याला राग नाय आला?"

"राग कशाचा? मजेत होता."

पार्टनर आंघोळीला गेला. मला वाटलं, तो बाहेर आला की आपणच विषय काढावा, माझं चुकलं म्हणावं, आणि खोलीचं विचारावं. वाक्यही जुळवून ठेवलं. पण तो ओल्या केसांनीच गुलमंडीच्या दुकानाकडे निघून गेला, गाडीतलं काही सामान तिथं राहिलं होतं. आठ-दहा दिवस असेच गेले. तो काही बोलला नाही, मीही वाक्य बोललो नाही.

एक जूनला सकाळी मी पाण्याची मोटार लावायला खाली उतरलो. मावशी अंगणात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर न करता सांगितलं, "तुझ्या पार्टनरचा काल फोन होता. दुकानावरची खोली रिकामीच ऱ्हाती म्हणं, तिथं चाललाय तो. तुला सांगायला त्याला जड जायलंय म्हणला, मावशी तुम्हीच सांगा. तवा तू आता दुसरं पोरगं बघ."