पाल दाखवा

लतिका निंबाळकरांना आवाज चढवून बोलता येत नाही. सांगलीच्या शाळेत कवायतीला त्यांना पुढे उभं केलं होतं, तेव्हा पहिली रांग सोडली तर कुणीच सावधान झालं नव्हतं. लग्न मात्र फौजेतल्या माणसाशी झालं. कर्नल अच्युत निंबाळकरांनी हाक मारली की मैदानाच्या पलीकडचा माणूस वळून बघायचा. मग संसारात वाटणी आपोआपच झाली. ओरडायचं त्यांनी आणि विचारायचं हिनं.

विचारायची लतिकाबाईंना भारी हौस. दर बदलीला नवं क्वार्टर आणि नवे बिघाड, कुठे गीझर तर कुठे पाण्याचा पंप. मिस्त्री आला की त्या स्टूल ओढून शेजारी बसायच्या आणि हे काय, ते कशाला, असं विचारत राहायच्या. मिस्त्री आधी वैतागायचा, मग रंगात येऊन सांगायला लागायचा. शेवटचं पोस्टिंग चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत मिळालं, मुलगी मधुरिमा मोहालीत नोकरीला लागली आणि निवृत्तीनंतर दोघं इथेच, सेक्टर एकोणपन्नासच्या सोसायटीत राहिले. आता या सोसायटीत एसी बिघडला की लोक कंपनीच्या आधी लतिकाबाईंना फोन करतात. आतला पंखा फिरतोय का, बाहेरचं युनिट घरघरतंय का, जाळी कधी धुतली होती, एवढं त्या फोनवरच विचारतात. निम्म्या घरांत नुसती जाळी धुतली की गारवा परत येतो.

गेल्या जूनमध्ये त्यांचाच एसी बिघडला. आतून वारा येत होता, पण कोमट. दिवा लुकलुकत होता आणि बाल्कनीतलं बाहेरचं युनिट अगदी गप्प. लतिकाबाईंनी जाळी धुतली, मेन स्विच बंद करून पुन्हा लावला, काही उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांनी कंपनीला कळवलं. सर्किटची वॉरंटी शिल्लक होती, त्यामुळे त्या निवांत होत्या.

कंपनीचा तंत्रज्ञ आला. जसपाल त्याचं नाव, तिशी ओलांडलेला, उन्हानं पार शिणलेला. त्यानं बाहेरच्या युनिटचं झाकण काढलं, बॅटरी मारून पाहिलं आणि निकाल दिला. सर्किटवर पाल गेली होती, शॉर्ट होऊन ते जळलं. आणि पाल-झुरळांनी केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

"पाल कुठे आहे?" लतिकाबाईंनी हिंदीत विचारलं.

शेपटी दिसली होती, आता दिसत नाही, खाली पडली असेल, असं तो म्हणाला. लतिकाबाईंनी वाकून बाल्कनीची फरशी पाहिली, कुंड्या हलवून पाहिल्या. पाल नव्हती. जसपालला पुढच्या घरी जायचं होतं, तो निघून गेला.

कर्नलसाहेब घरी आले आणि ऐकून असे तापले की कंपनीच्या थेट मालकालाच फोन लावायला निघाले. लतिकाबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"अहो, तुम्ही ओरडलात की ते तुमच्या ओरडण्यावर बोलत बसतील. एसीवर कुणी बोलणार नाही."

मग त्यांनी स्वतः फोन करायला सुरुवात केली. रोज करायच्या, रोज वेगळा माणूस उचलायचा आणि रोज त्या तेच सांगायच्या, मला पाल दाखवा, मी मुकाट्यानं नवं सर्किट विकत घेते. शेवटी त्या इंडस्ट्रियल एरियातल्या सर्व्हिस सेंटरवरच जाऊन बसल्या. मॅनेजर बोलायला गोड होता. त्यानं जसपालला बोलावून फोटो मागितला. फोटो काढलेला नव्हता. तेव्हा मॅनेजरनं सगळ्यांच्या देखत त्याला झाडलं, कामं टाळायला पाली शोधून काढता का, असंही म्हणाला, आणि सर्किट वॉरंटीत बदलून द्यायला सांगितलं. लतिकाबाई जिंकल्या. पण रिक्षातून परतताना त्यांना जसपालचा पडलेला चेहराच दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी नवं सर्किट घेऊन जसपालच आला. पाण्याचा ग्लास त्यानं बाजूला सारला. स्क्रू काढून जुन्या सर्किटची पाटी उचलली, उलटी केली आणि तशीच लतिकाबाईंसमोर धरली. पाटीच्या मागच्या बाजूला पाल चिकटून वाळली होती, शेपटीसकट.

"देख लो, आंटी जी," तो म्हणाला.

लतिकाबाईंचे कान गरम झाले. दारात उभ्या असलेल्या कर्नलसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "लतिका, आता गप्प बस," ते कुजबुजले. "काम मंजूर झालंय."

त्या गप्प बसल्या नाहीत. आधी त्यांनी जसपालची माफी मागितली, मग त्याच्यासमोरच मॅनेजरला फोन लावला. पाल सापडली, तुमचा माणूस खरं बोलत होता, काल सगळ्यांसमोर बोललात तसं आता सगळ्यांसमोर त्याची माफी मागा, असं सांगितलं. मॅनेजर गोंधळला. मग सावरून म्हणाला, की असं असेल तर नियमानं वॉरंटी लागू होत नाही, नवं सर्किट परत पाठवा. लतिकाबाई म्हणाल्या, नियम असेल तर ठीकच आहे. कर्नलसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

फोन चालूच होता. लतिकाबाई त्या युनिटकडे बघत होत्या. चहूबाजूंनी पत्रा, वर झाकण.

"जसपाल जी, ये अंदर आई कहाँ से?"

जसपालनं खांदे उडवले, पण बॅटरी घेऊन तो गुडघ्यांवर बसला. वायर जिथून आत जाते तिथे पत्र्याला भोक होतं. त्या भोकात रबराचं कडं बसवायचं असतं, फट राहू नये म्हणून. ते नव्हतंच. ते एसी बसवतानाच घालायचं असतं, आणि एसी बसवला होता कंपनीच्याच माणसांनी.

हे जसपालनं बोलून दाखवलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. पण त्यानं लतिकाबाईंच्या हातातून फोन घेतला आणि मॅनेजरला पंजाबीत सगळं समजावून सांगितलं. शेवटी मॅनेजर म्हणाला, की सर्किट राहू दे, आणि भोक आधी बुजव.

भोक बुजवून झाल्यावर जसपालनं पाणी घेतलं, चहाही घेतला आणि आंटींच्या पोह्यांचा दुसरा घास घेता घेता घरच्या गोष्टी सांगितल्या. मॅनेजरनं सगळ्यांसमोर माफी काही मागितली नाही, हे पुढे जसपालकडूनच कळलं. पण एका दुपारी त्यानं जसपालला गाडीवर मागे बसवून जेवायला नेलं. जसपालला तेवढं पुरलं. लतिकाबाईंना पुरलं नाही, पण त्यांनी ते मनातच ठेवलं.

ही हकिकत सोसायटीत पसरली आणि खालच्या मजल्यावरच्या मिसेस अहलुवालिया मोठ्या आशेनं वर आल्या. त्यांच्या बाहेरच्या युनिटमध्ये कबुतरानं काड्या कोंबून पंखाच अडवला होता, आणि लतिकाबाईंनी कंपनीशी भांडावं अशी त्यांची इच्छा होती. लतिकाबाईंनी खाली जाऊन नीट पाहिलं आणि सांगून टाकलं, की यात कंपनीचा काही दोष नाही. काड्या काढल्या की एसी चालेल. पण काड्यांत दोन अंडी होती. मिसेस अहलुवालिया अंड्यांकडे बघत राहिल्या आणि लतिकाबाई त्यांच्याकडे.

काड्या तशाच राहिल्या आणि पिल्लं उडून जाईपर्यंत अहलुवालिया नवरा-बायको रोज रात्री उशा घेऊन निंबाळकरांच्या गार हॉलमध्ये झोपायला येत होते. कर्नलसाहेबांना पत्त्यांना जोडीदार मिळाला, त्यामुळे त्यांनीही कुरकुर केली नाही.