मी खाल्लेला ‘ही’

वाचनाच्या बाबतीत मला कॉलेजपासूनच भलता गर्व होता. संध्याकाळी लायब्ररीतून कादंबरी आणायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची. तिथले काका विचारायचे, “वाचलीस की नुसती पाहिलीस?” मला राग यायचा. इतकं वाचणारी मुलगी लेखिका होणारच, याबद्दल मला शंका नव्हती. शंका फक्त संपादकांना होती. माझी एकुलती एक कथा तीन ठिकाणांहून साभार परत आली.

कथा बाबांवर होती. माझा बारावीचा निकाल लागला, त्या दिवशी सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आलेल्या बाबांनी विचारलं होतं, “पुढं शिकायचं हाय का तुला?” या एका प्रश्नावर मी अकरा पानं लिहिली होती आणि पानोपानी बाबा किती थोर ते सांगितलं होतं. तिसऱ्या संपादकांनी कोपऱ्यात लिहिलं, ‘लेखिकेने स्वतः एकदा वाचावी.’ मी घरभर आदळआपट केली. मीच लिहिलेलं मी काय वाचायचं?

लेखिका होईपर्यंत काहीतरी करायला हवं, म्हणून मी पंचवटीतल्या एका छापखान्यात नोकरी धरली. दिवाळी अंकांचा हंगाम होता. प्रुफं तपासायला एक निवृत्त शिक्षिका यायच्या, त्यांना सगळे बाई म्हणायचे. मी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि बाईंनी छापील प्रुफावर पेन्सिल फिरवायची. विरामचिन्हंसुद्धा म्हणायची. “ती उठली स्वल्पविराम दार लावलं पूर्णविराम.” पहिले दोन दिवस मला हसू आवरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी वेग धरला.

एका कथेच्या शेवटी मी वाचलं, “त्या दिवशी आई हसली पूर्णविराम.”

बाईंची पेन्सिल थांबली. “हस्तलिखितात बघ बरं.”

तिथं ‘आईही हसली’ होतं.

“ ‘ही’ खाल्लास तू,” बाई म्हणाल्या.

“एका अक्षरानं काय बिघडतं, बाई?”

“मागची पानं काढ. आई आधी कुठं हसलीय ते दाखव मला.”

मी शोधायला लागले. वडील हसत होते, काका टाळ्या देत होते, पाहुणे तर हसून लोळत होते. आई जवळजवळ प्रत्येक पानावर होती. ती वाढत होती, ताटं उचलत होती. हसली मात्र कुठंच नव्हती. लेखकानं त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. बारा पानं गप्प बसून त्यानं शेवटी तो एक ‘ही’ ठेवला होता. माझ्या अंगावर काटा आला. आदल्याच दिवशी ती कथा वाचून मी ‘बरी आहे’ म्हणाले होते.

मग मला वेडच लागलं. लायब्ररीतून जुनीच पुस्तकं पुन्हा आणली. ‘तर’, ‘सुद्धा’, ‘मात्र’ दिसले की थांबायचं, मागं जायचं, हा इथं का आला ते शोधायचं. दिवसाला एक कादंबरी उडवणारी मी एका कथेवर आठ दिवस बसले. बसमध्ये स्वल्पविरामासकट पुटपुटायची, तेव्हा शेजारची बाई सरकून बसायची. इतकी वर्षं मी पंगतीत बसून नुसती पानं मोजली होती, जेवले आत्ता कुठं होते. आनंद पोटात मावत नव्हता.

एका रविवारी दार लावून माझी स्वतःची कथा तशीच मोठ्यानं वाचली. ‘बाबा थोर होते पूर्णविराम’ म्हणताना कानकोंडं झालं. चौथ्या पानावर वाक्य आलं, ‘बाबांनी मलाच विचारलं.’

मी थांबले. मलाच?

तो ‘च’ मी मोठ्या तोऱ्यात लिहिला होता. पण ‘मलाच’ म्हटलं की खोलीत आणखी कुणीतरी हवं. होतं ना. ताई होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, बारावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवून घरी बसलेली. माझ्या अकरा पानांत तिच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं, ‘ताईनं चहा आणला.’

वाईट वाटायच्या आधी मला आनंद झाला, याची आजही लाज वाटते. पण झाला. कथा सापडली होती, आणि ती माझ्याच अक्षरात माझ्यासमोर पडलेली होती.

महिनाभर बसून सात पानांत ती नव्यानं लिहिली. पुढच्या दिवाळीत ती एका अंकात छापून आली, आणि अंक घेऊन मी थेट त्र्यंबकेश्वर गाठलं. तिथं ताईच्या सासरचं पूजासाहित्याचं दुकान होतं. ताई गल्ल्यावर बसली होती. गिऱ्हाईक आलं की बोट ओळीवर ठेवायची, ते गेलं की तिथूनच पुढं वाचायची. सात पानांना तिला तासभर लागला. मी स्टुलावर बसून तिचा चेहरा बघत होते. पहिल्यांदाच कुणाला काय वाटेल याची मला भीती वाटत होती.

तिनं अंक मिटला आणि पदरानं त्याच्यावरचं कुंकू पुसलं.

“छान लिहिलंस,” ती म्हणाली. “पण तो चहा मी मुद्दाम बिनसाखरेचा केला होता. तुम्ही दोघं बोलत बोलत सगळा प्यालात.”